लिनक्सवर साधं एक ॲप टाकायला एवढी कटकट का होते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतला लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कित्येक लॅपटॉप अडकले. 'लिनक्स टाक, फुकट आहे' हा सल्ला तुमच्याही फीडमध्ये आला असेल. लिनक्स टाकणं आता तितकं अवघड राहिलेलं नाही. गाडी अडते ती पुढे, त्यावर हवं ते सॉफ्टवेअर टाकताना. असं का होतं?

विंडोजपेक्षा वेगळं काय?

विंडोजवर आपण कंपनीच्या साइटवरून फाइल डाउनलोड करतो आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातो. लिनक्सवर हीच सवय आडवी येते. उबंटू, मिंट, डेबियन, फेडोरा अशी लिनक्सची अनेक रूपं आहेत. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. प्रत्येक डिस्ट्रोचं सॉफ्टवेअरचं स्वतःचं भांडार असतं, म्हणजे रिपॉझिटरी. तिथली पॅकेजेस एकमेकांशी जुळवून ठेवलेली असतात. उबंटू आणि डेबियनला 'डेब' फाइल चालते, फेडोराला 'आरपीएम'.

हवं ते भांडारात असेल तर काम एका क्लिकचं. नसेल किंवा तिथली आवृत्ती जुनी असेल, तर खरी धावपळ सुरू होते.

'डिपेंडन्सी' म्हणजे काय?

बहुतेक सॉफ्टवेअर इतर छोट्या पॅकेजेसवर अवलंबून असतं. त्यातल्या एकाची आवृत्ती जुळली नाही की सगळी साखळी अडते.

याचं गाजलेलं उदाहरण नोव्हेंबर २०२१चं. टेक यूट्यूबर लायनस सेबास्टियनने पॉप ओएसवर गेमसाठीचं 'स्टीम' टाकायला घेतलं. पॅकेजेसच्या गोंधळामुळे त्या एका कमांडने डेस्कटॉपच काढला जाणार होता. सिस्टीमने इशारा दिला आणि खात्रीसाठी एक वाक्य टाइप करायला सांगितलं. त्याने ते केलं आणि डेस्कटॉप उडाला. इशारा त्याने नीट वाचला नाही हे खरं. पण गेमचं ॲप टाकताना स्क्रीन जाऊ शकते, हे नवख्याने कसं ओळखायचं? नंतर 'एपीटी' या पॅकेज टूलमध्येच बदल झाला आणि अत्यावश्यक पॅकेज असं सहज काढणं अवघड केलं गेलं.

यावर उपाय निघाला नाही का?

एक नाही, तीन निघाले: स्नॅप, फ्लॅटपॅक आणि ॲपइमेज. तिघांची कल्पना साधारण सारखीच. ॲपला लागणारं बरंचसं सामान त्याच्यासोबतच द्यायचं, म्हणजे डिस्ट्रो कोणतीही असो, ॲप चालावं. बदल्यात डिस्कवर जागा जास्त लागते.

पण यातही एकमत नाही. स्नॅप हे उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलचं. उबंटू २२.०४मध्ये एपीटीने फायरफॉक्स मागवलं तरी स्नॅपच येऊ लागलं आणि ते उघडायला वेळ लागतो अशा तक्रारी झाल्या. लिनक्स मिंटने २०२०मध्येच आपल्याकडे स्नॅपला आपोआप शिरायला बंदी केली होती. एप्रिल २०२३पासून उबंटूच्या अधिकृत उपआवृत्त्यांनी फ्लॅटपॅक सोबत देणं थांबवलं. त्याच वर्षी स्नॅपच्या स्टोअरमध्ये बनावट क्रिप्टो वॉलेट सापडली.

परिणाम असा की एकच ॲप तीन ठिकाणी दिसतं आणि खरं कोणतं ते कळत नाही.

मग दोष कोणाचा?

लिनक्सचे जनक लायनस टॉरव्हाल्ड्स यांनीही २०१४च्या डेबकॉन्फ परिषदेत हेच गाऱ्हाणं मांडलं होतं. त्यांच्या 'सबसर्फेस' या ॲपची तयार फाइल विंडोज आणि मॅकसाठी देता येते, पण लिनक्सच्या प्रत्येक डिस्ट्रोसाठी ती बनवणं त्रासाचं, असं त्यांचं म्हणणं होतं. ॲप युजरपर्यंत पोहोचवायची जबाबदारी ॲप बनवणाऱ्याची की डिस्ट्रोची, यावर अजूनही एकमत नाही. त्या वादाची किंमत मोजतो तो युजर.

तुम्ही काय करू शकता?

- आधी रोजच्या कामाच्या ॲप्सची यादी करा. एमएस ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती आणि फोटोशॉप लिनक्ससाठी बनतच नाहीत.
- पेनड्राइव्हवरून लिनक्स 'लाइव्ह' चालवून पाहा. हार्डडिस्कला हात लावावा लागत नाही.
- ॲप आधी डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारात शोधा. नसेल तर ते बनवणाऱ्याच्या साइटवर अधिकृत मार्ग कोणता सांगितलाय ते बघा.
- 'काढली जाणारी पॅकेजेस' अशी यादी दिसली तर ती वाचल्याशिवाय होकार देऊ नका.
- 'सुडो'ने सुरू होणारी कमांड कुठूनही कॉपी करून चालवू नका. तिला पूर्ण सिस्टीमचे अधिकार मिळतात.

जुना लॅपटॉप भंगारात काढण्यापेक्षा लिनक्स केव्हाही बरं. पहिल्याच ॲपला अडलात तर लगेच 'आपल्याला जमत नाही' असं समजू नका. तिथे जाणकारही अडतात.