शिल्लक तीच, उलाढाल कोटींची

मागच्या बाजाराला पिंपळनेरात ओळखीचा एक तरुण भेटला. एच.आय.व्ही.च्या गोळ्या त्याने दोन महिन्यांपासून सोडल्या आहेत. म्हणाला, “भाऊ, आते काहीच तरास नही. मंग धुयाले जाईसन मजुरी कसाले बुडावू?”

आम्ही पडलो बी.कॉम. कारकून. औषधातले आम्हाला कळत नाही, खतावणी कळते. तीच त्याच्यापुढे मांडली.

खात्यावर वर्षभर शिल्लक तेवढीच दिसली, म्हणून व्यापारी रिकामा बसला आहे असे थोडेच असते? जेवढी आवक तेवढीच जावक असेल. एच.आय.व्ही.चे तसेच आहे. माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो, म्हणून विषाणू झोपला आहे असे पूर्वी वाटे. १९९६ साली अमेरिकेत अॅलन पेरेल्सन, डेव्हिड हो व सहकाऱ्यांनी पाच रुग्णांना औषध दिले आणि सुरुवातीला दर दोन तासांनी रक्त तपासले. आवक रोखल्यावर शिल्लक किती वेगाने घटते, यावरून रोजची उलाढाल काढली. रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू! लागण झालेली पांढरी पेशी जेमतेम दोन दिवस जगते.

विषाणू रक्तातून सुटा जातो, तसाच एकमेकींना खेटलेल्या पेशींत हातोहातही जातो. कोणत्या वाटेने किती? २०१५ साली जपानच्या शिंगो इवामी यांच्या गटाने काही पेशी स्थिर ठेवल्या, काही सतत हलवत ठेवल्या, म्हणजे खेटायला सवडच नको. दोन्हींच्या आकड्यांवरून समीकरणे मांडली, तर सुमारे ६० टक्के लागण खेटून होणारी निघाली. अर्थात, हा प्रयोगशाळेतल्या भांड्याचा हिशेब.

हिशेब चुकतोही. दोन-तीन वर्षांच्या गोळ्यांनी विषाणू संपू शकेल, असा अंदाज १९९७ मध्ये पेरेल्सन मंडळींनीच बांधला होता. पण काही पेशी विषाणू पोटात घेऊन वर्षानुवर्षे निपचित पडतात. ही जुनी थकबाकी. तिच्यावर गोळीची मात्रा चालत नाही. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसू लागतो.

“म्हणजे माझी आवक चालू झाली?” त्याने विचारले.

झालीच असणार. मात्र उरलेल्या गोळ्या मनाने सुरू करू नकोस, खंड पडल्याचे डॉक्टरांना आधी सांग, असे आम्ही बजावले. सरकारी केंद्रात या गोळ्या २००४ पासून मोफत मिळू लागल्या. एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी मात्र मोफत नाही, हे त्याचे म्हणणे आम्हाला खोडता आले नाही.

सोमवारची रजा टाकली आहे. सकाळच्या गाडीने दोघे धुळ्याला जातो आहोत.