परसदाराचा हिशेब



उन्हाळा अर्ध्यावर आला की वस्तीवस्तीत वाळूचे ढीग पडू लागतात. पावसाळ्यापूर्वी घराचे राहिलेले काम उरकून घ्यावे, असा ज्याचा त्याचा विचार असतो. कोणाला बोनसचे पैसे मिळालेले असतात, कोणाला निवृत्तीचा फंड, तर कोणाच्या भिशीचा नंबर लागलेला असतो. घराचे पुढचे अंग आधीच झालेले असते, म्हणून मोर्चा मागच्या अंगाकडे वळतो. शहरात चाळीत वा फ्लॅटमध्ये राहणारे आमचे बांधवही गावाकडच्या घराचे परसदार बांधण्यासाठी पदरमोड करतात. तेव्हा आज या परसदाराचाच हिशेब मांडू. आम्ही पेशाने कारकून, त्यामुळे आकड्यांशिवाय आम्हांस बोलता येत नाही, हे आपण जाणताच.

घरामागच्या या जागेला कोणी परस म्हणतात, कोकणात परडे म्हणतात, विदर्भात सांदवाडी म्हणतात. 'परसाला जाणे' याचा अर्थ काय, हे जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. म्हणजे ही जागा शोभेची कधीच नव्हती. धुणी, भांडी, अंघोळ, सरपण, कोंबड्या, पाटा-वरवंटा, पाण्याचा रांजण असा सारा संसार तेथे असे. एका कोपऱ्यात दगड टाकून आणि तट्ट्या उभ्या करून न्हाणी केलेली असे. न्हाणीचे पाणी अळूला आणि केळीला जाई. शेजारी शेवगा, कढीपत्ता, पपई आणि कौलांवर चढलेला भोपळ्याचा वेल. त्यामुळे निदान आठवड्यातून दोन दिवसांची भाजी विकत आणावी लागत नसे.

हे परसदार स्वस्त होते, असे आपण म्हणतो. पण ते कोणाच्या जिवावर स्वस्त होते? आमच्या आया-बहिणी शेण गोळा करून आणीत, दर आठवड्याला सारवण घालीत आणि पावसाळ्यात चिखल तुडवीत भांडी घाशीत. ती मजुरी कोणत्याही वहीत लिहिली गेली नाही, एवढेच. म्हणून आज एखादी भगिनी "मला मागे पक्की जमीन हवी" म्हणते, तेव्हा तिला जुन्या दिवसांचे कौतुक ऐकवू नये. तिची मागणी रास्त आहे. प्रश्न फक्त एवढाच, की पक्के काय करायचे आणि किती करायचे.

मातीनंतर आली शहाबादी फरशी. ही कर्नाटकातील कलबुर्गी, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यातील शहाबादची. हा दगड थराथराने निघतो, त्यामुळे फार यंत्रकाम न करता सपाट लादी मिळते. म्हणूनच ती गरिबाच्या परवडीची ठरली. तिचा आणखी एक गुण आज आपण विसरलो आहोत. खालून पाइप टाकायचा झाला, तर लादी पहारीने उचलता येते आणि काम झाल्यावर तीच पुन्हा बसवता येते.

त्यानंतर आला सिमेंटचा कोबा. सिमेंटच्या किमतीवर आणि वाटपावर पूर्वी सरकारचे नियंत्रण होते, परमिटशिवाय पोते हाती लागत नसे. १९८२ साली हे नियंत्रण अंशतः सैल झाले आणि १९८९ साली पूर्ण उठले. पोते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागले आणि परसदारे भराभर कोब्याची झाली. त्याच सुमारास नळ घरात आला, पुढे संडास घराशी आला, मुलाचे लग्न झाले म्हणून मागे एक खोली वाढली. परस आखडत गेला. जे उरले त्यावर पुढे कोटा फरशी आली, मग रंगीत टाइल आणि आता पेव्हर ब्लॉक. शहरात तर प्लॅस्टिकच्या हिरवळीची गुंडाळीही विकली जाते.

प्रत्येक वेळी विकणारा एकच गोष्ट सांगतो : "एकदाच खर्च करा, पुन्हा बघायला नको." हे कितपत खरे आहे? आपल्या वस्तीतील वीस-पंचवीस वर्षांची कोणतीही चार घरे पाहा. मातीवर कोबा, कोब्यावर फरशी, फरशीवर टाइल असे थरावर थर दिसतील. जुने तोडण्याची मजुरी आणि राडारोडा उचलण्याचे भाडे वाचवण्यासाठी ठेकेदार जुन्यावरच नवे बसवतो. प्रत्येक थराने जमीन दीड-दोन इंच वर येते. घराचे जोते मात्र तेथेच राहते. तिसऱ्या थराला परसदार उंबरठ्याच्या बरोबरीला येते आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी स्वयंपाकघरात शिरते. मग घरमालक महानगरपालिकेच्या नाल्याला दोष देतो. नाल्याचा दोष असेलही, पण निम्मे पाणी त्याच्याच अंगणात साठलेले असते.

पाणी किती असते? हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आपले परसदार २० फूट बाय १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट धरा. ते होते सुमारे २८ चौरस मीटर. एका रात्री ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या जागेवर १,४०० लिटर पाणी पडेल. २०० लिटरचे सात ड्रम! माती असेल तर त्यातले बरेचसे ती पिऊन घेते. सगळीकडे सिमेंट असेल तर सातही ड्रम उताराकडे धावतात, आणि उतार चुकला असेल तर घराकडे.

आता पैशाकडे वळू. सिमेंटवर २०१७ साली २८ टक्के जीएसटी लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. समजा पोत्याची मूळ किंमत ३०० रुपये आहे. पूर्वी ते ३८४ रुपयांना पडे, आता ३५४ ला पडेल. वाचले ३० रुपये. ३०० चौरस फुटांवर तीन इंच जाडीचे काँक्रीट करायचे, तर सुमारे १४ पोती लागतात. म्हणजे कर कमी झाल्याने वाचले ४२० रुपये. परंतु आपण ठरवले की निम्मेच परसदार पक्के करायचे आणि निम्मे मातीचे ठेवायचे, तर सात पोती वाचतात, म्हणजे २,४७८ रुपये. शिवाय त्या सात पोत्यांबरोबरची वाळू, खडी आणि मजुरी वेगळीच. सरकारने दिलेल्या सवलतीपेक्षा आपल्या निर्णयाची सवलत कितीतरी मोठी आहे!

दुसरा हिशेब महागाईचा. ७२ या आकड्याला महागाईच्या दराने भागले, की किती वर्षांत किंमत दुप्पट होते ते कळते. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर १२ वर्षे. आज १०,००० रुपयांत होणारे काम १२ वर्षांनी पुन्हा करावे लागले, तर २०,००० लागतील, आणि जुने फोडण्याचा खर्च त्यावर. म्हणून ज्या वस्तूचा एखादा तुकडा बदलता येतो, ती वस्तू थोडी महाग असली तरी परवडते. शहाबादी आणि पेव्हर ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. कोबा आणि टाइल फोडावेच लागतात. पेव्हर घेतलाच, तर माणसांच्या आणि दुचाकीच्या वापराला ६० मिलिमीटर जाडी पुरेशी होते. ८० मिलिमीटरचा ब्लॉक जड वाहनांच्या जागेसाठी असतो. तो गळ्यात मारला जाणार नाही, हे पाहावे.

तिसरा हिशेब व्याजाचा, आणि हा आम्हांस सर्वांत दुःख देतो. शेजाऱ्याने केले म्हणून सावकाराकडून शेकडा ३ रुपये महिना दराने ४०,००० काढणारी घरे आम्ही पाहिली आहेत. महिन्याला १,२०० रुपये व्याज, वर्षाला १४,४००. मुद्दल जागच्या जागी! एवढ्या रकमेत मुलीची शिकवणी, पुस्तके आणि येण्याजाण्याचा पास निघाला असता. परसदारासाठी कर्ज काढायचेच असेल, तर ते संडास, मोरी आणि गटार यांसाठी काढावे, तेही बचत गटाकडून वा सोसायटीकडून. रंगीत टाइलसाठी काढू नये.

येथे आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. परसदाराचा खरा खर्च जमिनीखाली असतो. तो पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून तो सर्वांत शेवटी केला जातो किंवा टाळला जातो. वर टाइल चकचकीत आणि खाली संडासाची टाकी कशी आहे, हे घरमालकाला ठाऊक नसते. कित्येक घरी तर टाकीचे झाकणच टाइलखाली गाडलेले असते. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. तो तुंबला की मग टाइल फोडायची, आणि अरुंद तोंडातून यंत्राचा पाइप जात नाही म्हणून कोणाला तरी आत उतरवायचे. आत विषारी वायू असतो. तो कोणाला उतरवतात आणि कोणाची मुले पोरकी होतात, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. एके काळी घरांच्या मागच्या बोळातून टोपलीचा मैला वाहणारी माणसेही आपल्यासारख्याच वस्त्यांतली होती.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास बंदी केली आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. हा कायदा नगरपालिकेला आहे तसा घरमालकालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी २०१४ साली १० लाख रुपये आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली. आपल्या परसदारातील झाकण कोठे आहे, हा प्रश्न एवढा मोठा आहे.

तेव्हा काम काढण्यापूर्वी वहीत क्रम लिहून घ्यावा, असे आमचे सांगणे आहे.

पहिल्यांदा खालचे काम. नवीन संडास बांधायचा आणि जागा असेल, तर दोन शोषखड्ड्यांचा बांधावा. एक भरला की दुसरा सुरू करायचा. दीड-दोन वर्षे बंद राहिलेल्या खड्ड्यात कोरडे, वास नसलेले खत तयार होते आणि कोणाला घाणीत उतरावे लागत नाही. विहीर किंवा बोअर यांपासून खड्डे निदान १० मीटर दूर असावेत. शेजाऱ्याची बोअरही त्यात धरावी. सेप्टिक टँक आधीच असेल, तर त्याचे झाकण मोकळे आणि पाइप आत जाईल एवढे मोठे ठेवावे.

मग मोरीचे पाणी. ते रस्त्यावर सोडून शेजाऱ्याशी भांडण ओढवून घेण्यापेक्षा शोषखड्डा करावा. सुमारे चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात दगड-गोटे भरलेले, मध्ये भोके पाडलेली टाकी. नांदेड जिल्ह्यातील गावांनी असे खड्डे घरोघर करून गटारे आणि डास कमी केले. गावात हे काम रोजगार हमीतूनही झाले आहे, ग्रामपंचायतीकडे विचारणा करावी. मात्र काळ्या चिकण मातीत पाणी लवकर जिरत नाही. म्हणून आधी लहान खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतून पाहावे.

त्यानंतर वरची जमीन. जेथे धुणी-भांडी होतात आणि जेथून येणे-जाणे होते, तेवढीच जागा पक्की करावी. जुना थर काढल्याशिवाय नवा घालू देऊ नये. दर चार फुटांना अर्धा ते एक इंच उतार घराबाहेर असावा. काम चालू असताना तांब्याभर पाणी ओतून ते कोठे जाते हे घरच्या बाईने स्वतः पाहावे आणि मगच ठेकेदाराचा शेवटचा हप्ता द्यावा. पाणी त्याच बाईला आयुष्यभर काढायचे असते, ठेकेदाराला नाही.

उरलेल्या मातीत शेवगा, कढीपत्ता आणि अळू लावावे. एवढे होऊन पैसे शिल्लक राहिले, तर टाइलचा रंग खुशाल निवडावा. त्याला आमची हरकत नाही.

पुढील अंकी घरदुरुस्तीच्या पावत्या आणि ठेकेदाराशी करावयाचा साधा लेखी करार यांविषयी लिहू. तोवर आपल्या घरातील टाकीचे झाकण कोठे आहे, ते शोधून ठेवावे.

सप्रेम जयभीम!