घरचे चॉकलेट की कंपाउंड? डब्यावर एक ओळ हवीच

नाताळ तोंडावर आला. छत्रपती संभाजीनगरात छावणीतल्या मित्राकडे रिकाम्या हाताने कसे जायचे? मग स्लॅब वितळवा, साच्यात ओता. तासाभरात भेट तयार.

पण हा स्वस्त स्लॅब बहुधा 'कंपाउंड' असतो. त्यात कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य चरबी असते, म्हणून तो टेम्परिंगशिवाय गोठतो. कोको बटर सुमारे ३४ अंशांना, म्हणजे तोंडातच विरघळते. एफएसएसएआयच्या नियमांनुसार चॉकलेटमध्ये अशी इतर चरबी ५ टक्क्यांपर्यंतच चालते.

कंपाउंड भेट देण्यात गैर नाही. ते 'चॉकलेट' म्हणून विकणे मात्र चूक. घटक डब्यावर लिहाच. काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला रिबिनीपेक्षा ती ओळ मोलाची.