जुनी नौका कां जपावी?

इंग्लंडांतील ‘सनडाउनर’ ही लांकडी नौका आज शंभर वर्षांहून जुनी आहे. असल्या जीर्ण नौकेच्या फळ्या बदलण्यांत व सांधे बुजविण्यांत द्रव्य कां घालवावें, असें एखादा व्यवहारी गृहस्थ विचारील. प्रश्न गैर नाहीं. परंतु उत्तरापूर्वीं तिचा इतिहास पाहिला पाहिजे.

1912 सालीं ब्रिटिश आरमाराकरितां बांधलेली ही वाफेची होडी चार्ल्स लायटोलर यांनीं 1929 सालीं विकत घेतली व तिला मोटारीचें यंत्र बसवून कुटुंबाच्या जलविहाराची नौका बनविली. ‘टायटॅनिक’ बुडाली त्या रात्रीं तिचे सेकंड ऑफिसर असलेले तेच हे लायटोलर. 1940 च्या मे महिन्यांत फ्रान्समधील डंकर्क येथें दोस्तांचें सैन्य कोंडलें गेलें, तेव्हां आरमारानें त्यांची नौका मागितली. नौका न्यावयाची तर मी स्वतःच नेईन, असें त्यांनीं सांगितलें. त्यांचें वय 66 होतें. धाकटा मुलगा युद्धाच्या आरंभींच कामास आला होता. 1 जून रोजीं थोरला मुलगा रॉजर व एक तरुण सी-स्काउट यांसह ते निघाले. जींत पूर्वीं 21 हून अधिक माणसें कधीं बसलीं नव्हतीं, त्या 58 फुटी नौकेंतून, विमानांचे हल्ले चुकवीत, त्यांनीं सुमारें 130 सैनिक परत आणिले. युद्धानंतर त्यांनीं तिची डागडुजी केली. पुढें ती रॅम्सगेटच्या संग्रहालयाकडे आली.

येथें अतिशयोक्ति मात्र नको. डंकर्कहून सुटलेल्या 3,38,226 सैनिकांपैकीं 2,39,446 बंदरांतून, बहुतेक मोठ्या जहाजांनीं, गेले. लहान नौकांनींच सैन्य वांचविलें, ही आवडती समजूत खरी नव्हे.

मग ही नौका जपावी ती कशाकरितां? ती हवालीं करून घरीं बसणें लायटोलर यांस सहज शक्य होतें; तसें त्यांनीं केलें नाहीं, याची ती साक्ष आहे. ही गोष्ट पुस्तकांतहि वाचतां येते. परंतु ती अरुंद नौका डोळ्यांनीं पाहिली म्हणजे तींत एवढीं माणसें मावलीं कशीं, हा प्रश्न मुलांच्या मनांत आपोआप उठतो.

फळ्या नव्या बसविल्या तर नौका जुनी कसली, असेंहि कोणी म्हणेल. घराचें छप्पर शाकारलें म्हणून घर परकें होत नाहीं. मूळचें काय व नवें काय, याची प्रामाणिक नोंद ठेवली म्हणजे झालें.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या आवडीची कोणती वस्तु आपण अशा हांकेसरशीं, स्वतः बरोबर जाऊन, दुसऱ्याच्या कामीं लावूं? आज घरीं आईवडिलांसह याचा विचार करा.