मधलं नाव आईचं, पण कोणतं?

परवा सानगडीला पुतणीच्या लेकीचं बारसं झालं. पाळणा म्हणून झाला, आत्याने कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. मग जन्मनोंदणीसाठी बाळाचं पूर्ण नाव लिहायची वेळ आली आणि वाद सुरू झाला. वाद बाळाच्या नावाचा नव्हता, आईच्या नावाचा होता!

मैत्रिणींनो, आपल्या राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये एक चांगला निर्णय घेतला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदपत्रांत आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असं लिहायचं. आजवर मधली जागा एकट्या बापाची होती.

पण आईचं नाव कोणतं? पुतणीचं नाव लग्नात बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव सासरी रूढ झालं. शाळेचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक मात्र माहेरच्याच नावाचं. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "आम्ही हाक मारतो तेच लावा." पुतणी गप्प.

मला राहवलं नाही. माझीही दोन नावं. दोन्ही नावांची बाई मीच, हे पटवताना प्रतिज्ञापत्रं केली, तालुक्याला चकरा मारल्या. म्हटलं, "विहीणबाई, हाक कोणत्याही नावाने मारा, पण कागदावर आधारवरचंच नाव चढू द्या. उद्या पोरीला त्रास नको."

माझं स्पष्ट मत आहे, आईचं नाव लावायचं तर ते तिचं स्वतःचं हवं. अक्षरन् अक्षर तिच्या कागदांशी जुळलेलं.

आता राहिलं बाळाचं नाव. मधली दोन्ही नावं आधीच ठरलेली असतात, निवडता येतं ते फक्त पहिलं. म्हणून पूर्ण नाव मोठ्याने म्हणून बघा. 'श्रीशा शिल्पा शशिकांत' म्हणताना हजेरी घेणाऱ्या बाईंची जीभ अडखळेल. तेच 'मीरा शिल्पा शशिकांत' कसं सरळ येतं! आईबापांची नावं लांब असतील तर बाळाचं छोटं ठेवा. आणि घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली, तरी नाव वर्षभरात विनाशुल्क टाकता येतं.

विहीणबाई जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "माझंही माहेरचं नाव वेगळं होतं जी. आता त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही."

आणि त्यांनीच कागद पुतणीच्या हाती दिला. म्हणाल्या, "लिही बाई, तुझं तूच लिही."