मोठा कॅमेरा, छोटा कॅमेरा आणि अण्णा

दिवाळीला मेहकरला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. समोर फराळाचं ताट, अण्णा पेपर वाचत बसलेले, आणि भाचीने एकदम बॉम्ब टाकला.

"मामा, तुमच्याकडे दोन-दोन कॅमेरे आहेत. एक मला द्या ना!"

"कोणता देऊ?"

"ते तुम्हीच ठरवा. तुम्हालाच कळतं त्यातलं."

झालं! चिवड्यातली चव गेली. दोन लेकरांतलं एक दत्तक द्या म्हटल्यावर माणसाचं जे होईल ते माझं झालं. बायकोने मात्र "बरं झालं, कपाट तरी रिकामं होईल" असा चेहरा केला. असो.

आधी या दोघांची ओळख करून देतो. थोरला म्हणजे निकॉन डी९०. हा २००८ साली बाजारात आला. व्हिडिओ काढू शकणारा हा पहिला डीएसएलआर, त्यामुळे तेव्हा त्याचं भारी कौतुक होतं. १२ मेगापिक्सेल, सोबतची १८-१०५ची लेन्स लावली की वजन एक किलोच्या वर. धाकटा म्हणजे सोनीचा आरएक्स१००, २०१२ सालचा. २० मेगापिक्सेल, बॅटरीसकट २४० ग्रॅम, पँटच्या खिशात मावतो. दोघेही आता म्हातारे. तरी अजून ठणठणीत आहेत.

तुम्ही म्हणाल, आजच्या काळात या दोघांचं काय करायचं? फोन आहे की! खरं आहे. फोनमुळेच छोटे कॅमेरे बाजारातून उठले. पण माझं एक निरीक्षण आहे, पटतंय का बघा. कॅमेरा वर उचलला की समोरच्याला कळतं, हा आपल्याकडे बघतोय. फोन वर उचलला की वाटतं, हा फोनवर आहे. शिवाय फोनमधले फोटो व्हॉट्सअॅपवर जातात, 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली गाडले जातात आणि फोन बदलला की बहुतेक वेळा तिथेच संपतात. म्हणून कॅमेरा हवा, या मतावर मी ठाम आहे. प्रश्न फक्त कोणता, एवढाच.

मी म्हटलं, उगाच डोकं कशाला चालवायचं? दोन्ही घेऊन लोणारला जाऊ आणि काय ते बघू. मेहकरहून वीस-पंचवीस किलोमीटर तर आहे. अण्णा म्हणाले, मीपण येतो. कित्येक वर्षांत ते गेले नव्हते.

लोणार म्हणजे उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेलं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. आपल्या जिल्ह्याचं भूषण वगैरे आपण शाळेत घोकलंय, पण काठावर उभं राहिलं की घोकलेलं सगळं विसरायला होतं. फोटो काढायला गेलं तर पहिली गंमत ही की ते फोटोत मावतच नाही! थोरल्याची १८ची लेन्स काय आणि धाकट्याची २८ची काय, दोघांची नजर जवळपास सारखीच रुंद. दोघांतही विवराचा एक तुकडा येतो. पण धाकट्यात पॅनोरमाची सोय आहे. बटण दाबून कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवला की अख्खा काठ एका पट्टीत. थोरल्यावर पाच-सहा फोटो काढून घरी कॉम्प्युटरवर जोडत बसा. पहिला गुण धाकट्याला.

तेवढ्यात खालच्या झाडीतून मोर निघाला. भाचीच्या हातात धाकटा होता. तिने तो चालू केला, भिंग आतून बाहेर यायला दोन सेकंद, मग झूम. तोवर मोराची शेपटी झुडपात! माझ्या हातात थोरला. बटण सरकवलं, डोळा लावला, खट् खट् खट्. तीन फोटो, त्यातला एक झकास. इथे थोरला जिंकला, वादच नाही.

मग गावातल्या दैत्यसूदनाच्या मंदिरात गेलो. बाहेर लख्ख ऊन आणि आत मिट्ट काळोख. छतावरचं कोरीव काम डोळ्यांना हळूहळू दिसू लागतं. मला वाटलं, इथे मोठाच जिंकणार, कारण मोठ्याचा सेन्सर मोठा. पण जरा हिशेब करू या. हा भाग नवीन कॅमेरा घेणाऱ्यांच्या कामाचा आहे, म्हणून सांगतो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. :)

थोरल्याचा सेन्सर साधारण २३.६ बाय १५.८ मिलिमीटर, धाकट्याचा १३.२ बाय ८.८. म्हणजे क्षेत्रफळाने थोरला तिपटीहून थोडा मोठा. पण थोरल्याच्या सोबतची लेन्स फार तर एफ ३.५पर्यंत उघडते आणि धाकट्याची एफ १.८पर्यंत. म्हणजे धाकट्याची खिडकी जवळपास पावणेचारपट जास्त उजेड आत घेते. एका हाताने घेतलं ते दुसऱ्या हाताने परत! म्हणून अंधाऱ्या देवळात, झूम न करता, दोघांचे फोटो जवळजवळ सारखे आले. अर्थात हा हिशेब या धाकट्याचा. जुन्या बाजारात मिळणाऱ्या साध्या छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर ६.२ बाय ४.६ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे थोरल्याच्या तेराव्या हिश्श्याएवढा. त्यांना देवळात न्याल तर नुसती रांगोळी दिसेल. आणि थोरल्याला ५०ची एफ १.८ची साधी लेन्स लावली तर तो पुन्हा पुढे जातो. सांगायचा मुद्दा काय, तर 'मोठा तो चांगला' एवढ्यावर पैसे टाकू नका. भिंग किती उजेड आत घेतं तेही विचारा.

गुणफलक बरोबरीत. भाची म्हणाली, "मामा, तुम्ही आणखीच गोंधळ केला."

परत काठावर आलो तर एक कुटुंब माझ्याजवळ आलं. त्यातल्या काकांनी विचारलं, "भाऊ, फोटोचे किती घेता?" गळ्यात एवढं धूड लटकवल्यावर दुसरं काय होणार? मी फुकटात त्यांचा फोटो काढला. पण बघा हं, कॅमेरा वर उचलताच सगळे एका रांगेत, हात बांधून, हसू पुसून उभे राहिले. जणू शाळेचा वर्गफोटो!

मग अण्णांची पाळी. ते इतका वेळ बाकावर बसून आमचा तमाशा बघत होते. "काहून रे, इतकं मोठं धूड कायले आणलं?" असं सकाळपासून दोनदा म्हणून झालं होतं. मी आधी धाकटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी हात लांब करून बघितलं, मग जवळ धरून बघितलं, मग मला परत दिला. "काहीच दिसत नाही बाप्पा. नुसतं काळं." बरोबरच होतं. दुपारच्या उन्हात मागचा स्क्रीन मला तरी कुठे धड दिसत होता? त्यात अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि जवळचा चष्मा घरी राहिलेला.

थोरला दिला. त्याच्या व्ह्यूफाइंडरशेजारी एक बारीक चक्री असते, आपल्या डोळ्यांच्या नंबराप्रमाणे फिरवायची. बऱ्याच जणांना ती माहीतही नसते. मी ती फिरवत गेलो आणि अण्णा "नाही... नाही..." म्हणत राहिले आणि मग एकदम गप्प झाले.

"अरे, याच्यातून तर साफ दिसते! पलीकडचं झाड न झाड दिसते."

पाच मिनिटं त्यांनी कॅमेरा खाली घेतला नाही. बाकाच्या पाठीवर कोपर टेकवून विवर बघत राहिले. फोटो एकच काढला, तोही आमचा, मामा-भाचीचा. डोकी थोडी कापली गेलीत, पण माझ्या दृष्टीने त्या दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो तोच.

तिथे बसल्या बसल्या मला जून २०२० आठवला. त्या महिन्यात हेच पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितलं की खारं पाणी मानवणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. मी तेव्हा कुठे होतो? पुण्यात, घरात कोंडलेला. आणि थोरला? कपाटात, बॅगेत, बॅगेची चेन लावून. गुलाबी लोणार मी पाहिलं ते ताईने साध्या फोनवर काढून पाठवलेल्या फोटोत. कारण ती तिथे होती.

आता खरं ते सांगतो. २०२१मध्ये आई गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता म्हणून मी हार्डडिस्क उघडली. डी९०ने काढलेले अकरा हजारांवर फोटो निघाले. अजिंठा होता, सिंदखेड राजा होतं, मोर होते, पाण्याचे थेंब होते, मावळते सूर्य तर इतके की विचारू नका. आणि आई? सव्वीस. मोजले मी. त्यातले बहुतेक लग्नातले नाहीतर सणाचे. नवी साडी, डोक्यावर पदर, हात समोर जुळवलेले, चेहऱ्यावर 'झालं का रे तुझं' हा भाव. तो मोठा कॅमेरा बाहेर निघाला की ती म्हणायची, "थांब बाप्पा, साडी तरी बदलू दे," आणि आत निघून जायची. तोवर मी कंटाळून दुसऱ्याच कशाचा तरी फोटो काढायचो.

भिंतीवर शेवटी जो लागला तो माझा नाहीच. मामेभावाच्या बायकोने तिच्या सात मेगापिक्सेलच्या छोट्याशा डबीने काढलेला. गच्चीवर पापड घालताना आई कशाला तरी मोकळं हसतेय, हाताला पीठ, साडी नेहमीची. फोटो जरासा हललाय. सात मेगापिक्सेल ८ बाय १० इंचाच्या प्रिंटला पुरतात, अगदी व्यवस्थित पुरतात. बारा मेगापिक्सेलवाल्याकडे तो फोटो नव्हता एवढंच.

याचा दोष कॅमेऱ्याला देत नाही हं. दोष माझा. मीच तो सणासुदीचा करून ठेवला. पण हेही खरं की काही वस्तू आपल्याला सणासुदीचं वागायला लावतात. एक किलोची वस्तू रोज स्वयंपाकघरात कोण नेणार?

परतताना गाडीत माझा निर्णय झाला होता. मी ठरवून आलो होतो की भाचीला थोरला द्यायचा. तरुण आहे, शिकेल, आणि शिकणाऱ्याने डीएसएलआरवरच शिकावं असा आपल्याकडे रिवाजच आहे. धाकटा मी ठेवणार होतो, कारण आता खांदे दुखतात. झालं नेमकं उलटं. धाकटा तिला दिला.

कारण साधं आहे. भाची कॉलेजला मेहकरातच आहे आणि अर्धा दिवस अण्णांकडे असते. मी वर्षातून दोनदा जाणारा पाहुणा. जिथे माणसं रोज आहेत तिथे खिशात मावणारा कॅमेरा हवा. वर्षातून दोनदा येणाऱ्याने एक किलो उचललं तर त्याचे खांदे काही निखळत नाहीत. आणि शिकण्याचं म्हणाल तर त्या छोट्यातही शटर, अॅपर्चर सगळं हाताने लावता येतं. शिकणाऱ्याला तेवढं पुरे.

तेव्हा जुना डीएसएलआर घ्यावा की छोटा कॉम्पॅक्ट, असं कोणी विचारलं तर मी आता उलट विचारतो, कोणाचे फोटो काढणार? पक्षी, खेळ, लांबचं काही, किंवा ज्याला उन्हात स्क्रीन दिसत नाही असा माणूस असेल तर जुना डीएसएलआर घ्या. आज तो स्वस्तात मिळतो, आणि त्याची बॅटरी कंपनीच्या हिशेबाने साडेआठशे फोटो चालते, छोट्याची तीनशेच्या थोडी वर. आपल्याकडची धूळ मोठ्याच्या आत गेली तर साफ करता येते. छोट्याच्या भिंगातून आत शिरली तर तो उघडावाच लागतो. हे सगळं खरं. पण घरातल्या माणसांचे फोटो काढायचे असतील तर छोटा घ्या, आणि तो कपाटात नाही, फ्रिजवर ठेवा.

भाचीला मी एकच अट घातली. आठवड्याला आजोबांचा एक फोटो, आणि त्यांना 'इकडे बघा' म्हणायचं नाही. तिला अट वगैरे काही वाटली नाही. छोट्या कॅमेऱ्यांची म्हणे आता पुन्हा फॅशन आलीय, मैत्रिणींत तिचा भाव वधारलाय!

परवा पहिला फोटो आला. अण्णा ओट्यावर बसलेत, पुढ्यात सूप, सुपात तूरडाळ. चष्मा नाकावर घसरलाय आणि ते खडे वेचतायत. हे काम आईचं होतं. ती गेल्यापासून अण्णा करतात, हे मला माहीतच नव्हतं. इतक्या वेळा जाऊन-येऊन माहीत नव्हतं.

मी तो फोटो मोठा करून घ्यायला टाकलाय. आणि पुढच्या खेपेला अण्णांना सिंदखेड राजाला न्यायचं ठरलंय, लखुजी जाधवांचा वाडा बघायला. मोठा कॅमेरा त्यांच्याच हातात देणार आहे. चक्री त्यांच्या नंबरावर आहे तशीच ठेवलीय, मी फिरवलेली नाही.