तर्काची परीक्षा की आकृतीची?

अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या ‘एलसॅट’ परीक्षेतून ऑगस्ट २०२४ पासून ‘लॉजिक गेम्स’ हा विभाग वगळण्यात आला. ३५ मिनिटांत ४ कोडी सोडवावयाची, असे त्याचे स्वरूप होते. या परदेशी परीक्षेशी आम्हां वैद्यांचा काय संबंध, असे वाचक विचारतील. कोडे पाहिल्यावर तो ध्यानी येईल.

क, ख, ग, घ आणि च हे ५ वक्ते ओळीने बोलणार आहेत. ‘घ’ तिसरा. ‘क’ हा ‘ख’च्या आधी कधीतरी. ‘ग’ मात्र ‘ख’च्या लगेच पाठोपाठ. नवखा विद्यार्थी एकेक क्रम मांडून पाहतो आणि वेळ दवडतो. जाणता प्रथम नियमांची सांगड घालतो. ख-ग ही जोडी पहिल्या-दुसऱ्या किंवा चौथ्या-पाचव्या जागीच बसू शकते. पण ‘ख’ पहिला आला तर ‘क’ला त्याच्या आधी जागाच उरत नाही. म्हणून ‘ख’ चौथा, ‘ग’ पाचवा. राहिले ‘क’ व ‘च’. त्यांचे दोनच क्रम संभवतात. प्रश्न वाचण्यापूर्वीच उत्तरे हाती येतात.

प्रत्यक्ष, अनुमान व आप्तोपदेश यांच्या जोडीला चरकसंहिता ‘युक्ती’ हे प्रमाण मानते. अनेक कारणांचा मेळ एकत्र पाहणारी बुद्धी, असा तिचा आशय. लक्षणे जुळवून, काय असू शकत नाही हे आधी ठरविणाऱ्या वैद्यास ही रीत परकी वाटू नये.

मग हा विभाग का गेला? आकृती काढल्यावाचून ही कोडी वेळेत सोडविणे बहुतेकांस अशक्यप्राय होते. अंध उमेदवारांनी न्यायालयात दाद मागितली. २०१९ मध्ये तडजोड होऊन परीक्षा घेणाऱ्या संस्थेने पर्याय शोधण्याचे मान्य केले. आता त्या जागी युक्तिवाद तपासण्याचा आणखी एक विभाग आहे.

आमच्या मते निर्णय न्याय्य आहे. आकृती रेखाटता येणे ही वकिलाची पात्रता नव्हे. शिवाय सरावाने गुण हमखास वाढतात, म्हणून शिकवणीवर्गांचा हा लाडका विभाग होता. त्याचे दुःख आम्हांस नाही. रुखरुख आहे ती वेगळीच. दुसऱ्याच्या युक्तिवादातील उणीव शोधणे आणि मोजक्या नियमांतून अटळ निष्कर्ष काढणे ही दोन भिन्न कौशल्ये होत. दुसऱ्याची स्वतंत्र पारख आता तेथे होत नाही. केवळ ऐकून सोडविता येतील अशी लहान कोडी रचता आली असती, असे आम्हांस वाटते. वरील कोडे वाचकांनी कोणाकडून तरी डोळे मिटून ऐकावे व सोडवून पाहावे. पाच वक्त्यांचे बहुधा जमेल. आठांचे जमेल का, याविषयी आम्ही स्वतः साशंक आहोत.